एकच व्याधी, दोन उत्तरे

जीवनसत्त्वाची गोळी आपल्याकडे ‘शक्तीची गोळी’ म्हणून सहज मागितली जाते आणि सहज दिलीही जाते. परंतु काही जन्मजात चयापचय-विकारांत हीच गोळी एका बालकाची दृष्टी आणि बुद्धी राखते, तर तोच विकार असलेल्या दुसऱ्या बालकात निष्प्रभ ठरते. होमोसिस्टिन्युरिया हे याचे बोलके उदाहरण.

१९६२ साली बेलफास्ट येथे, बौद्धिक वाढ खुंटलेल्या व्यक्तींच्या मूत्रतपासणीतून हा विकार उजेडात आला. सिस्टाथायोनिन बीटा-सिंथेज हे एन्झाइम अपुरे पडल्याने रक्तात होमोसिस्टीन साचते. परिणामी नेत्रभिंग जागचे सरकते, हाडे ठिसूळ होतात, ऐन तारुण्यात रक्तवाहिनीत गुठळी होते. या एन्झाइमला कार्यासाठी ब-६ जीवनसत्त्वाची, म्हणजेच पिरिडॉक्सिनची, जोड लागते. ते मोठ्या मात्रेत दिल्यास सुमारे निम्म्या रुग्णांत होमोसिस्टीन उतरते, उरलेल्यांत नाही.

या भेदाचे मूळ जनुकातील उत्परिवर्तनात आहे. एन्झाइम म्हणजे विशिष्ट घडी पडलेली अमिनो आम्लांची साखळी. तिच्या २७८व्या स्थानी आयसोल्यूसीनऐवजी थ्रिओनीन आले, तर घडी सैल पडते. मुबलक ब-६ मिळाल्यास ती बहुधा सावरते. ३०७व्या स्थानी ग्लायसीनऐवजी सेरीन आले, तर सहसा कितीही मात्रा व्यर्थ जाते. आयर्लंडमध्ये हाच दोष अधिक आढळतो. अशा रुग्णांना मेथिओनीन मर्यादित ठेवणारा आहार आणि बीटेन यांचाच आधार.

मग जनुक-तपासणीच्या अहवालासाठी थांबावे काय? नाही. प्रतिसादाचा निर्णय प्रत्यक्ष चाचणीनेच होतो. मात्र ती शिस्तीने व्हावी. आपल्या शाकाहारी घरांत ब-१२ची उणीव सर्रास आढळते आणि तीही होमोसिस्टीन वाढवते. मेथिओनीनही वाढलेले असेल, तर संशय या विकाराकडे वळावा. ब-१२ व फोलेटची उणीव भरून काढून, नेहमीच्या आहारावर, रोज वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, कमाल ५०० मिलिग्रॅम पिरिडॉक्सिन सहा आठवडे द्यावे. चाचणीपूर्वी दोनदा आणि चाचणीकाळात दोनदा होमोसिस्टीन मोजावे. नवजात बालकांसाठी हे वेळापत्रक वेगळे असते. प्रतिसाद नसताना मोठी मात्रा चालू ठेवू नये. अतिरेकाने मज्जातंतूंना इजा होते.

विकार प्रकटण्यास आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी विवाहाची रूढी आहे. अशा घरात एका मुलाचे निदान झाले, की भावंडांचीही तपासणी झालीच पाहिजे.

पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. ज्या बालकाला ही गोळी लागू पडते, त्याच्यासाठी ती शक्तिवर्धक नव्हे, आयुष्यभराचे औषध आहे. मूल निरोगी दिसते आहे ते ती गोळी चालू आहे म्हणूनच. मूल निरोगी दिसते म्हणून ती थांबवू नये.