खडे आणि पाणी

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. घड्याच्या तळाशी थोडे पाणी होते. कावळ्याने एकेक खडा आत टाकला आणि पाणी वर आले. पण मुलांनो, पाणी वर का आले? आणि दर वेळी ते तसे वर येईलच काय?

एक प्रयोग करून पाहू. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळया तयार होतात. अशा सळईचा एक तुकडा आणि नदीकाठचा एक काळा, गुळगुळीत गोटा घ्या. दोहोंचे वजन सारखे, समजा २९० ग्रॅम, असू द्या. मोजपात्रातील पाण्यात गोटा अलगद सोडा. पाण्याची पातळी सुमारे १०० मिलिलिटरने चढेल. गोटा काढून सळईचा तुकडा बुडवा. आता पातळी जेमतेम ३७ मिलिलिटरने चढेल. वजन सारखे असूनही हा फरक का पडावा? लोखंडाची घनता अधिक, म्हणून तेवढ्याच वजनाचे लोखंड कमी जागा व्यापते. बुडालेली वस्तू आपल्या वजनाइतके नव्हे, तर आपल्या आकारमानाइतके पाणी बाजूला सारते. कावळ्याच्या घड्यात पाणी वर आले ते याच कारणाने.

आता दुसरा प्रयोग. एक लिटर मापाचे भांडे सारख्या आकाराच्या खड्यांनी काठोकाठ भरा. भांडे भरले, असे वाटेल. परंतु त्यात पाणी ओतू लागा. सुमारे ४०० मिलिलिटर पाणी आत सहज मावते! खडे एकमेकांना टेकलेले असले, तरी त्यांच्यामध्ये फटी असतात. पाणी तेथे जाऊन बसते. म्हणजे घड्यात पाणी फारच थोडे असते, तर घडा खड्यांनी भरूनही ते काठापर्यंत आले नसते. ते खड्यांच्या आडच दडून राहिले असते, आणि बिचारा कावळा तहानलेलाच उडून गेला असता.

परंतु कावळ्याला जे दडलेले पाणी गैरसोयीचे, तेच माणसाला तारते. जालना शहरातून कुंडलिका नदी वाहते. अशा नद्यांची पात्रे उन्हाळ्यात कोरडी दिसतात. तरीही जेथे वाळूचा जाड थर असतो, तेथे हात-दोन हात खणले की झिरा लागतो. पावसाळ्यात मुरलेले पाणी वाळूच्या कणांमधील फटींत साठून राहिलेले असते. एक घनमीटर वाळूत असे ३०० लिटरांहून अधिक पाणी मावू शकते. त्यातील काही कणांना चिकटून राहते. उरलेले झिऱ्यात व काठच्या विहिरींत पाझरते.

कोणी म्हणेल, वाळू काढून खड्डा केला, तर त्यात याहून अधिक पाणी मावेल. खरे आहे; परंतु उघडे पाणी ऊन आणि वारा लवकर आटवतात. वाळूखालच्या पाण्यापर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. शिवाय वाळूखालचा काळा पाषाण टणक असतो. भेगा सोडल्या, तर त्यात पाणी फारसे साठत नाही.

१९७२ आणि २०१२-१३ या वर्षांच्या दुष्काळांत जालना जिल्ह्याने घोटभर पाण्याचे मोल जाणले आहे. म्हणून नदीतून बेसुमार वाळू भरून नेणारी गाडी केवळ वाळूच नेत नाही. पुढच्या उन्हाळ्यातील पाण्याची जागाही ती घेऊन जाते.