घड्याळ स्वस्त, पट्टा मोलाचा

सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जिथे छेदतो, तिथे कडोदरा वसले आहे. पलसाणा तालुक्यातील हे गाव आज कापडाची रंगाई-छपाई करणाऱ्या कारखान्यांसाठी आणि यंत्रमागांसाठी ओळखले जाते. उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशाप्रमाणेच धुळे, नंदुरबार, जळगाव या खानदेशी जिल्ह्यांतूनही सुरत परिसरात असंख्य कुटुंबे येऊन स्थिरावली. या वस्तीचे जगणे पाळीवर चालते. हात रंगाने किंवा वंगणाने माखलेले असताना खिशातील मोबाइल काढून वेळ पाहणे शक्य नसते. त्यामुळे मनगटावरचे साधे, स्वस्त घड्याळ अशा ठिकाणी हौसेची नव्हे, तर गरजेची वस्तू ठरते.

अशा घड्याळाचा शेवट बहुधा यंत्र बिघडल्याने होत नाही. आधी त्याचा पट्टा तुटतो. वाफ, घाम आणि रसायनांचे शिंतोडे झेलून कृत्रिम चामड्याचा वरचा पापुद्रा सोलवटतो, भोके फाटतात, बक्कल गंजते. मग चालू स्थितीतील घड्याळ कपाटाच्या खणात जाते किंवा त्याला फुटपाथवरचा हाती लागेल तो पट्टा बसवला जातो. हजार रुपयांच्या घड्याळाला सातआठशे रुपयांचा पट्टा घालणे अनेकांना वेडेपणा वाटतो. हिशोब नीट मांडला, तर मात्र तो शहाणपणा ठरू शकतो.

यंत्रात काटकसर नाही, पट्ट्यात आहे

सेलवर चालणाऱ्या घड्याळाचे हृदय म्हणजे क्वार्ट्झचा एक सूक्ष्म स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या कंपनांची मोजणी करून काटे पुढे सरकतात. जपानच्या सेको कंपनीने असे पहिले मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत चारचाकी गाडीच्या बरोबरीची होती. पुढे हे तंत्र इतके स्वस्त झाले की आज साधे क्वार्ट्झ घड्याळही महिन्याला पंधरावीस सेकंदांपेक्षा फारसे चुकत नाही. याउलट अचूकतेचे अधिकृत स्विस प्रमाणपत्र मिळवणाऱ्या चावीच्या घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते.

म्हणजे वेळ दाखवण्याच्या मूळ कामात स्वस्त घड्याळ महागड्यापेक्षा उणे नाही. मग निर्माता किंमत कमी राखतो कशी? ज्या भागांकडे ग्राहक दुकानात बारकाईने पाहत नाही, तिथे तो बचत करतो. आणि त्यांत पट्टा, बक्कल व पिना सर्वांत पुढे असतात. घड्याळाचा शरीराला सर्वाधिक स्पर्श करणारा, सर्वांत जास्त झिजणारा आणि सर्वांत सहज बदलता येणारा भागही पट्टाच. त्यामुळे स्वस्त घड्याळावर पुन्हा पैसा खर्च करायचाच असेल, तर तो इथे केलेला सर्वाधिक फळतो.

जुन्या घड्याळांना तर हे अधिकच लागू पडते. हिंदुस्तान मशीन टूल्स अर्थात एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’ ही नावे पुढे घरोघरी पोहोचली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने या घड्याळ कंपनीच्या बंदीला मंजुरी दिली. तरीही वडिलांचे किंवा आजोबांचे चावीचे घड्याळ अनेक मराठी घरांत जपून ठेवलेले आढळते. घड्याळजीकडून त्याची साफसफाई करून घेतली आणि चांगला पट्टा चढवला, की ते पुन्हा मनगटावर येते. या नव्या आकर्षणाचा लाभ उठवत तबकडी रंगवून आणि निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून ‘नवी’ एचएमटी विकण्याचा धंदाही चालतो; म्हणून पट्ट्यावर खर्च करण्यापूर्वी घड्याळ अस्सल असल्याची खात्री करावी.

चार जाती, चार स्वभाव

पट्टे प्रामुख्याने चार प्रकारांचे: चामड्याचे, विणलेल्या धाग्याचे, रबर-सिलिकॉनचे आणि पोलादी साखळीचे.

चामडे दिसायला सर्वांत देखणे. पण पाणी आणि घाम हे त्याचे वैरी. घामातील क्षार मुरले की ते कडक होते, वास मारू लागते आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले चामडे महाराष्ट्राला परके नाही. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावण्याची परंपरा आहे. असे चामडे वापराने गडद होत जाते आणि टिकते; मात्र पाण्याचे डाग लवकर पकडते. क्रोमने कमावलेले चामडे त्या मानाने मऊ आणि पाण्याला अधिक दाद न देणारे असते. खरेदी करताना पट्ट्याची कड पाहावी. अखंड कातड्याचे तंतू कडेला सलग दिसतात. वरचा थर प्लास्टिकचा आणि आत पुठ्ठ्यासारखा चुरा असेल, तर तो पट्टा एक पावसाळाही काढणार नाही.

विणलेला पट्टा कडोदऱ्यासारख्या गावाच्या स्वभावाला सर्वांत जवळचा. तेथील मागांवर धावणाऱ्या कृत्रिम धाग्याच्याच कुळातील नायलॉन किंवा पॉलिएस्टरपासून तो तयार होतो. धुतला की लवकर वाळतो, कुजत नाही आणि स्वस्तही पडतो. १९७३ साली ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने सैनिकांच्या घड्याळांसाठी अशा नायलॉन पट्ट्याचे मानक ठरवले. पट्टा मिळवण्यासाठी जो अर्ज भरावा लागे, त्याच्या क्रमांकावरून तो ‘जी-१०’ म्हणून ओळखला जाऊ लागला. हा एकसंध पट्टा दोन्ही पिनांमधून ओवून घड्याळाच्या पाठीमागून जातो. त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकत राहते, खाली पडत नाही.

सिलिकॉन मऊ आणि पाण्याला निर्धास्त. पण धूळ व तंतू ओढून घेणारे. कापडाच्या कारखान्यात असा पट्टा तासाभरात पांढुरका दिसू लागतो. फ्लोरिनयुक्त रबर त्याहून टिकाऊ आणि महाग. तथापि महाग म्हणजे निर्दोष, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ पट्टे तपासून २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महागड्या पट्ट्यांत फ्लोरिनचे प्रमाण अधिक आढळले आणि काहींमधून निसर्गात सहजी न विघटणारे एक फ्लोरिनयुक्त रसायन सुटत असल्याचे दिसले. दिवसरात्र हातावर राहणारा पट्टा निवडताना ही बाब ध्यानात घ्यावी.

पोलादी साखळीत कडी पोकळ की भरीव, हा पहिला प्रश्न. पातळ पत्रा दुमडून केलेल्या कड्या खुळखुळतात आणि मनगटावरचे केस ओढतात. भरीव कड्या वर्षानुवर्षे टिकतात. दुसरा प्रश्न पोलादाचा. ३०४ आणि ३१६-एल या दोन्ही जाती न गंजणाऱ्या मानल्या जातात. परंतु ३१६-एलमध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेला व घामाला ती अधिक तोंड देते. गोव्यासारख्या किनारी प्रदेशात हा फरक महत्त्वाचा आहे. प्लास्टिकच्या हलक्या घड्याळाला मात्र जड साखळी घालू नये. पिन बसते तिथल्या कानांवर ताण येऊन ते तुटू शकतात.

माप, पिन आणि त्वचा

पट्टा घेण्यापूर्वी घड्याळाच्या दोन कानांमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. १८, २० आणि २२ ही सर्वाधिक आढळणारी मापे. एका मिलिमीटरचा फरकही चालत नाही: पट्टा अरुंद असेल तर सरकतो, रुंद असेल तर चुरगळतो. पट्ट्यासोबत स्प्रिंगच्या नव्या पिना अवश्य घ्याव्यात. दहावीस रुपयांच्या वाकलेल्या पिनेमुळे घड्याळ हरवल्यावर पट्ट्याची किंमत काढण्यात अर्थ नसतो. पट्टा बदलताना घड्याळाची पाठ उघडावी लागत नाही, म्हणून पाण्यापासूनच्या संरक्षणाला धक्का बसत नाही. मात्र नव्या पट्ट्यामुळे घड्याळ पाणबुडे होत नाही. तबकडीवर ३० मीटर लिहिलेले असले, तरी ते केवळ शिंतोडे सोसण्यापुरतेच असते.

पट्ट्याखाली खाज सुटत असेल, तर दोष अनेकदा बक्कलावरील निकेलच्या मुलाम्याचा असतो. युरोपीय संघाने त्वचेला दीर्घकाळ चिकटून राहणाऱ्या वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलवर दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी टायटॅनियमचे बक्कल शोधावे किंवा बक्कलाच्या आतून कापडी अस्तर असलेला पट्टा घ्यावा.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. फिरत्या यंत्राजवळ कोणतेही घड्याळ, अंगठी किंवा कडे हातात असू नये. इथे एक विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पिन तुटली तरी घड्याळ न सोडणारा नायलॉनचा पट्टा आणि भरीव पोलादी साखळी यांचा जो गुण एरवी वाखाणला जातो, तोच रुळात किंवा पट्ट्यात अडकलेला हात सुटू देत नाही. कमकुवत पट्टा निदान तुटला असता. म्हणून यंत्रावर उभे राहण्यापूर्वी घड्याळ उतरवून ठेवणे, हाच एकमेव उपाय. मग ते कडोदऱ्यातील माग असो वा वेर्णे-कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्र.

एक घड्याळ, दोन पट्टे

गोव्यातील वाचकासाठी व्यवहार्य मार्ग असा: एकाच घड्याळासाठी दोन पट्टे ठेवावेत. जून ते सप्टेंबर विणलेला पट्टा वापरावा आणि आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवावा. पावसाळा सरला की चामड्याचा चढवावा. रात्री तो उतरवून उघड्या हवेत ठेवावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बांधून ठेवू नये. आलटून पालटून वापरल्याने दोन्ही पट्टे एकट्या पट्ट्यापेक्षा पुष्कळ अधिक टिकतात. स्प्रिंगची पिन काढण्याचे छोटे अवजार घड्याळजीकडे अल्प किमतीत मिळते आणि काम पाच मिनिटांचे असते.

एवढे केले, की खणात पडून राहिलेले घड्याळ पुन्हा हातावर येते आणि नवे विकत घेण्याची वेळ लांबते. ते वडिलांचे असेल, तर त्याचे मोल पट्ट्याच्या किमतीत मोजण्याचा प्रश्नच उरत नाही.