बाराच व्होल्ट आहेत म्हणून…

‘बारा व्होल्ट तर आहे, त्याने काय होतंय?’ घरच्या इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी जोडताना हे हमखास ऐकू येतं. कोरड्या हाताला त्याचा झटका जाणवत नाही, हे खरंच आहे. पण आग लागते ती ॲम्पिअरमुळे. १००० वॅटचा भार २३० व्होल्टवर साडेचार ॲम्पिअरच्या आत भागतो. बॅटरीच्या बाजूला, १२.८ व्होल्टवर, तोच भार इन्व्हर्टरमधली घट धरून ८५ ते ९० ॲम्पिअर ओढतो. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की त्याच वायरमध्ये उष्णता चौपट होते. म्हणून घरातल्या पॉइंटची अडीच स्क्वेअर एमएमची वायर इथे वितळेल. इथे हवी २५ किंवा ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, आणि तीही जमेल तितकी आखूड. केबलच्या टोकाचा लग हातोडीने ठोकून बसवू नका, क्रिंपिंगच्या पकडीनेच दाबा. केबल कितीही जाड असली तरी सैल नट तापतोच.

‘आत बीएमएस आहे, मग फ्यूज कशाला?’ हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं मॅनेजमेंट सर्किट, राखतो सेलना. त्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच बिघडून बंदच होईनासे झाले, तर वायरीला वाली उरत नाही. शॉर्ट झालेली लिथियम बॅटरी क्षणात हजारो ॲम्पिअर देऊ शकते, म्हणून पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत फ्यूज हवाच. त्याच्या जागी घरच्या बोर्डातला एसी एमसीबी चालणार नाही. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीचा येत नाही, आणि स्विच पडला तरी ठिणगी जळत राहते. फ्यूज डीसीसाठीचाच घ्या.

जुन्या इन्व्हर्टरला नुसती बॅटरी बदलून चालतं, असंही समजलं जातं. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलची वरची मर्यादा १४.६ व्होल्ट. लेड-ॲसिडसाठीचे काही चार्जर मधूनमधून १५ च्या वर जातात आणि मग बीएमएस चार्जिंग तोडतो. या बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ १३ च्या आसपासच राहतं, त्यामुळे जुना इंडिकेटर शेवटपर्यंत भरलेलीच दाखवतो. इन्व्हर्टरला लिथियम मोड आहे का, हे बॅटरी घेण्याआधी पाहा.

जुन्या ट्यूब्युलर बॅटरीला लिथियम समांतर जोडू नका. दोन लिथियम समांतर जोडायच्या असतील, तर एकाच मेकच्या, एकाच वयाच्या घ्या आणि आधी दोन्ही पूर्ण चार्ज करा. इन्व्हर्टरची पॉझिटिव्ह केबल पहिल्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्या, म्हणजे भार दोघींवर सारखा पडतो.

काम करताना अंगठी, कडं काढून ठेवा. जोडणीनंतर पूर्ण भार अर्धा तास चालवा आणि लगजवळ केबलच्या आवरणाला हात लावून बघा. चटका बसला तर भार बंद करा आणि तो जोड पुन्हा करून घ्या.