चावी मीच शोधून दिली होती!

शनिवारची रात्र. कोरेगाव पार्कातून निघताना ग्रुपमधल्या एकाला गाडीची चावी सापडेना. टेबलाखाली मोबाइलचा टॉर्च मारून ती मीच शोधून दिली. त्याने तीन बिअर घेतल्या होत्या, हे मला माहीत होतं. तरी मागे बसले. पाऊस होता, रिक्षावाले नाही म्हणत होते आणि 'अरे, तो घेतल्यावर उलट मस्त चालवतो' हे आमच्या ग्रुपचं ठरलेलं वाक्य!

सुखरूप पोचलो. झोप मात्र आली नाही, कारण त्याच आठवड्यात मी या लेखासाठी कायद्याची कलमं चाळत होते.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनीअर गेले. चालवणारा सतरा वर्षांचा होता. त्याच्या जामिनाला तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घातली गेली आणि सगळा देश चिडला. रास्तच होतं ते. पण तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ अ काय म्हणायचं? निष्काळजीपणाने जीव घेतला तर जास्तीत जास्त दोन वर्षं, किंवा नुसता दंड!

नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांचा गाडीखाली जीव गेला. सत्र न्यायालयाने चालकाला दिले सहा महिने. हायकोर्टाने सदोष मनुष्यवधाचं कलम लावून ती शिक्षा तीन वर्षं केली. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. वर म्हटलं, ही शिक्षा फारच कमी आहे, पण राज्य सरकारने अपीलच केलेलं नाही, आम्ही ती वाढवणार कशी?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०६ मध्ये दोनाची पाच वर्षं झाली. धडक देऊन पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूदही त्यात होती. पण त्यावरून जानेवारी २०२४ मध्येच ट्रकचालकांनी संप केला होता. पेट्रोल पंपांवरच्या त्या रांगा आठवतात? 'थांबलो तर जमाव मारतो,' हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. शेवटी हे पोटकलम बाजूला ठेवूनच कायदा लागू झाला. म्हणजे ज्या शिक्षेची सगळ्यात जास्त चर्चा झाली, नेमकी तीच थांबली.

मला विचाराल तर शिक्षा वाढायलाच हवी होती. फक्त, पाच वर्षांचा आकडा माझ्या त्या मित्राला माहीत असेल असं वाटत नाही. त्याला माहीत असतं ते एवढंच, की आज नाकाबंदी कुठे आहे! त्याचा ग्रुपवर मेसेजही येतो.

राहता राहिली मी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८८ नुसार दारू पिऊन गाडी चालवायला चिथावणी किंवा साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही. वकील मैत्रिणीला विचारलं, मागच्या सीटवर नुसतं बसणं यात येतं का गं?

"नुसतं बसणं सहसा नाही," ती म्हणाली. "तू आणखी काही केलंस का?"

मी विषय बदलला.

पुढच्या शनिवारी चावी टेबलावर होती. मी ती उचलून पर्समध्ये टाकली. तो हसला, मग चिडला, मग दोन दिवस बोललाच नाही. रिक्षाला दुप्पट पैसे मोजले. त्यातले त्याच्या वाटणीचे अजून यायचेत.