चाळिशी आणि कॅमेरा

वाचनाच्या चष्म्याला मराठीने ‘चाळिशी’ हे नाव किती नेमके दिले आहे! त्या वयाच्या आसपास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे अंधुक दिसते. बँकेत लेजर हातभर लांब धरून वाचणारे कितीतरी सहकारी मी पाहिले. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही.

गंमत अशी, की कॅमेरा डोळ्याला भिडलेला असला, तरी बहुतेक एसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधले चित्र साधारण एक मीटरवर असल्यासारखे दिसते. तिथे वाचायचा चष्मा कामाचा नाही. दूरचा नंबर लावावा आणि उरलेली कसर शेजारच्या छोट्या चाकाने भरून काढावी. सिलिंडरचा नंबर मात्र त्या चाकाने भागत नाही. अशांनी चष्मा काढूच नये. मागचा पडदा दीड वितीवरून पाहायचा, त्याला जवळचाच नंबर हवा. प्रोग्रेसिव्ह भिंगात दोन्ही साधते, पण व्ह्यूफाइंडरमध्ये वरच्या भागातून पाहण्याची सवय करावी लागते.

म्हणून नवा चष्मा करताना कॅमेरा सोबत न्या, दोन्ही अंतरे चष्मेवाल्याला दाखवा. नंबर वारंवार बदलत असेल किंवा दिव्यांभोवती वलये दिसत असतील, तर आधी नेत्रतज्ज्ञ गाठा. मोतीबिंदू, काचबिंदू चष्म्याने जात नाहीत; आणि नातवंडाचे पहिले पाऊल पुन्हा टिपता येत नाही.