रानवाटेचा सोबती : साधें यंत्र कीं सर्वगुणसंपन्न?

कोणतीही वस्तु विकत घेतांना ती काय काय करूं शकते हें पाहण्याची आपणां सर्वांस संवय आहे. ती जेथें न्यावयाची तेथें काय करणें अवश्य आहे, हा प्रश्न मात्र फारच थोडे लोक विचारतात. हातांत धरून चालावयाच्या जी. पी. एस. यंत्राच्या बाबतींत या दुर्लक्षाची किंमत केवळ पैशांत मोजली जात नाहीं. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या अरण्यांत हें यंत्र कोणाची वाट ठरवितें, तर कोणाच्या रानाची शींव. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अक्षांश-रेखांश हे शब्द आमच्या वाचकांस परके नाहींत. पंचांगांतील सूर्योदय आपल्या गांवास लागू करावयाचा तर गांवाचे अक्षांश-रेखांश ठाऊक असावे लागतात, हें घरांतील वडील मंडळी जाणतात. तेच अक्षांश-रेखांश हें यंत्र उभ्या जागीं सांगतें. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे निदान २४ उपग्रह फिरत असतात. त्यांपैकीं चारांचे तरी संकेत एका वेळीं मिळाले म्हणजे, ते येण्यास लागलेल्या कालावरून यंत्र आपलें स्थान काढतें. पूर्वीं सामान्य जनांस मिळणाऱ्या संकेतांत तेथील सरकार मुद्दाम चूक मिसळीत असे. २ मे २००० रोजीं ती प्रथा बंद झाली, आणि जेथें शंभर मीटरांची अनिश्चितता होती तेथें ती दहा-पांच मीटरांवर आली. दुसऱ्याच दिवशीं ऑरेगॉन संस्थानांत डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें रानांत एक बादली लपवून तिचें स्थान जाहीर केलें, व ‘जिओकॅशिंग’ नामक खेळ जन्मास आला. आज जगांत अशा लपविलेल्या डब्यांची संख्या तीस लाखांहून अधिक आहे.

या खेळाचें वेड आपल्या घरांतील तरुण मंडळींपर्यंत पोंचलें आहे, आणि सुटींत रानांत जावयाचें म्हटलें कीं ‘कोणतें यंत्र घ्यावें?’ हा प्रश्न काका-पुतण्यांमध्यें निघतोच. बाजारांत दोन जातींचीं यंत्रें मिळतात. एका जातींत काळ्या-पांढऱ्या लहान पडद्याचीं, चार-दोन कळांचीं, पेन्सिल-सेलवर चालणारीं यंत्रें येतात. गार्मिन कंपनीनें २०११ सालीं काढलेलें ‘ईट्रेक्स १०’ हें त्यांचें प्रसिद्ध उदाहरण. दुसऱ्या जातींत स्पर्शानें चालणारा रंगीत पडदा, नकाशे, छायाचित्रें घेण्याची सोय, मोबाईलशीं संधान, इतकेंच नव्हे तर उपग्रहामार्फत निरोप धाडण्याचीही व्यवस्था असते. आमचें मत पहिल्या जातीच्या बाजूनें आहे. त्याचीं कारणें अशीं.

पहिलें कारण शक्तीचें. ‘ईट्रेक्स १०’ दोन पेन्सिल-सेलवर सुमारें २५ तास चालतें असें त्याचे कर्ते सांगतात. मोठ्या स्पर्श-पडद्याच्या बहुतेक यंत्रांचा हिशेब याहून बराच कमी भरतो. सेल संपले तर एटापल्लीच्या किंवा धानोऱ्याच्या बाजारांत दुसरे मिळतात. आंत बसविलेली बॅटरी मात्र विजेवांचून भरत नाहीं, आणि वीज दर मुक्कामीं असेलच असा भरंवसा धरतां येत नाहीं. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा जगाशीं संबंध तुटल्याचे प्रसंग कित्येक पावसाळ्यांत घडले आहेत.

दुसरें कारण हवेचें. चंद्रपुराकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. अशा उन्हांत रंगीत पडदा फिका दिसतो, व मोबाईल तर तापून आपण होऊन बंद पडतो. पावसाच्या थेंबांनीं व घामेजलेल्या बोटांनीं स्पर्शाचा पडदा भलतेंच ऐकतो. साधा काळा-पांढरा पडदा भर उन्हांत उलट अधिक स्पष्ट वाचतां येतो, आणि कळ दाबली कीं दबल्याचें बोटास कळतें.

तिसरें कारण कायद्याचें असून तें फारच थोड्यांस ठाऊक असतें. उपग्रहामार्फत निरोप धाडणारें यंत्र दूरसंचार खात्याच्या परवानगीवांचून बाळगणें हा आपल्या देशांत गुन्हा आहे. अशीं यंत्रें सामानांत आढळल्यामुळें परदेशी प्रवाशांस विमानतळांवर अटक झाल्याचीं उदाहरणें घडलेलीं आहेत. परदेशीं राहणाऱ्या आप्तांनीं प्रेमानें पाठविलेली भेट अशा रीतीनें संकट ओढवूं शकते. केवळ स्थान दाखविणाऱ्या यंत्रास ही अडचण नाहीं.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचें कारण निराळेंच आहे, व त्याचा खेळाशीं संबंध नाहीं. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें, पिढ्यान् पिढ्या ज्या रानावर गांव जगलें त्या रानावर गांवाचा सामूहिक हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर रानावर असा हक्क मिळाला. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांचें नांव या कार्याशीं कायमचें जोडलेलें आहे. २७ एप्रिल २०११ रोजीं त्या गांवाच्या हातीं बांबूच्या वाहतूक-परवान्यांचें पुस्तक आलें, आणि आपला बांबू आपण विकण्याचा मार्ग मोकळा झाला. चंद्रपूर जिल्ह्यांत गोंडपिपरी तालुक्यांतील पांचगांवास २०१२ सालीं सुमारें हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. अशा दाव्यांस नकाशा लागतो. तो करण्यासाठीं विदर्भांतील अनेक गांवांचे लोक हातांत जी. पी. एस. यंत्र घेऊन आपल्या रानाची शींव पायीं चालले. नाला, टेकडी, देवाचें झाड, जुनी मुनार, अशा प्रत्येक ठिकाणीं थांबून त्यांनीं आंकडे टिपून घेतले.

या कामास काय लागतें? जागा टिपणें, चाललेली वाट नोंदणें व वेढलेलें क्षेत्रफळ काढणें, एवढेंच. हें सर्व साध्या यंत्रांतही असतें. शिवाय तें गांवांतल्या दहा जणांस एका दुपारीं शिकवितां येतें, ही त्याची खरी थोरवी होय. ज्या यंत्राच्या पोटांत शंभर कामें असतात तें एकाच हुशार तरुणाच्या हातीं राहतें. इतरांस मग त्याच्या शब्दावर विसंबावें लागतें. गांवाची शींव सर्वांनीं मिळून ठरवावयाची, तर आंकडा वाचणारे डोळेही अनेक असावेत.

अचूकपणाचाही येथें नीट विचार करावयास हवा. समजा, यंत्र सर्व बाजूंनीं पांच मीटर आंत दाखवितें. १,८०० हेक्टरांचें चौरस रान धरलें तर यामुळें साडेआठ हेक्टरांच्या आसपास, म्हणजे शेंकडा अर्ध्याहूनही कमी, फरक पडतो. तीच चूक एका हेक्टराच्या शेतास लागू केली तर शंभर मीटरांची बाजू नव्वद मीटर होते, आणि जवळ जवळ एकपंचमांश जमीन कागदावरून नाहींशी होते! म्हणून लहान तुकड्यास फीत लावून पडताळा पाहणें अवश्य आहे. महाग यंत्र घेतल्यानें हा दोष सुटत नाहीं. रंगीत पडदा व कॅमेरा अचूकपणांत रतिभरही भर घालीत नाहींत. दोन लहरींवर संकेत घेणारीं कांहीं नवीन यंत्रें दाट झाडींत सरस ठरतात, हें आम्ही मान्य करतों. परंतु तो गुण संकेत घेण्याच्या शक्तीचा आहे, सोयींच्या संख्येचा नव्हे. शेवटीं कायद्यानेंही यंत्रास त्याची जागा नेमून दिली आहे. २०१२ सालीं सुधारलेल्या नियमांप्रमाणें उपग्रहाचीं चित्रें व तत्सम साधनें इतर पुराव्यास पूरक होत, त्याची जागा घेणारीं नव्हेत. गांवांतील वृद्धाची साक्ष आजही पुरावा आहे.

साधें यंत्र वापरणारांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. त्यांत बहुधा होकायंत्र नसतें, म्हणून उभें राहिल्यावर त्याचा बाण भरंवशाचा नसतो. खिशांत एक चुंबकाची सुई असूं द्यावी. दाट छायेंत आंकडा डळमळतो, तेव्हां दहा-दहा मिनिटांनीं तीन वेळां टिपून सरासरी काढावी. सागाची पानें गळलेलीं असतात त्या दिवसांत मोजणी अधिक चांगली होते. आंकडे लिहितांना अंश व कला यांची गल्लत करूं नये: १९ अंश ५७.५ कला हें १९.५७५ अंश म्हणून वाचलें तर मनुष्य सुमारें ४२ किलोमीटर दक्षिणेस जाईल. आणि प्रत्येक आंकडा त्याच जागीं वहींत उतरून घ्यावा. यंत्र हरवलें तरी वही राहते.

आतां खेळाविषयीं दोन शब्द. ताडोबा-अंधारीसारख्या राखीव रानांत परवानगीवांचून शिरतां येत नाहीं, व तेथें डबे लपविणें तर सर्वथा अनुचित. गडचिरोलीच्या रानांत पेरलेल्या स्फोटकांनीं अनेकांचे प्राण घेतले आहेत. तेथें झुडुपाखालीं धातूचा अनोळखी डबा पाहून वाटसरूच्या काळजांत धस्स होईल, हें खेळणारांनीं विसरूं नये. डब्यांत खाऊ ठेवणें म्हणजे अस्वलास निमंत्रण. परंतु याच खेळाचा डब्यावांचूनचा एक प्रकार २००४ पासून रूढ आहे. त्यांत भूमीचें एखादें वैशिष्ट्य शोधून त्याविषयीं प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं असतात. सिरोंचा तालुक्यांत वडधमचे प्राचीन अवशेष किंवा भामरागडचा त्रिवेणीसंगम असतां, आपल्या मुलांस लपविलेल्या खेळण्यांची गरज ती काय?

शहरांत रस्ता शोधणारास मोबाईल पुरेसा आहे, आणि ज्यांची दृष्टि मंद झाली आहे त्यांस मोठा रंगीत पडदा सुखाचा वाटेल. त्यांस आमचा आग्रह नाहीं. परंतु घरांतून कोणी रानांत जावयास निघालें, तर साधें यंत्र, चार जादा सेल, चुंबकाची सुई व एक वही एवढी शिदोरी त्याजबरोबर द्यावी. आणि तेथें पोंचल्यावर, यंत्र उघडण्यापूर्वीं गांवांतील एखाद्या म्हाताऱ्यास वाट विचारण्यास सांगावें. त्याचें उत्तर व यंत्राचा आंकडा जुळले म्हणजे निःशंक चालावें. न जुळले तर आधीं पुन्हां विचारावें.