लंबदुभाजकाचे समीकरण : समदूरतेच्या दृष्टिकोनातून

प्रस्तावना :
रेषाखंडाचा लंबदुभाजक म्हणजे त्याच्या दोन्ही अंत्यबिंदूंपासून समदूर असणाऱ्या, प्रतलातील सर्व बिंदूंचा बिंदुपथ होय. अध्यापनात मात्र मध्यबिंदू, चढ आणि लंबरेषेचा चढ या क्रमावरच बहुधा भर दिला जातो. त्यामुळे उत्तर मिळते. त्याचा अर्थ दुर्लक्षित राहतो.

उदाहरण :
नागपूर हा आरंभबिंदू, पूर्व ही धन क्ष-दिशा, उत्तर ही धन य-दिशा व एकक किलोमीटर मानू. अमरावतीचे निर्देशक स्थूलमानाने (−१४०, −२४) येतात. एवढ्या अंतरासाठी पृथ्वीची वक्रता उपेक्षणीय मानता येते.

पहिली रीत : मध्यबिंदू (−७०, −१२), रेषाखंडाचा चढ ६/३५, म्हणून लंबरेषेचा चढ −३५/६.
य + १२ = −(३५/६)(क्ष + ७०)
म्हणजेच ३५क्ष + ६य + २५२२ = ०.

दुसरी रीत : बिंदू (क्ष, य) समदूर असल्यास
क्ष² + य² = (क्ष + १४०)² + (य + २४)².
वर्गपदे लोप पावतात व २८०क्ष + ४८य + २०१७६ = ० उरते. ८ ने भागल्यास तेच समीकरण मिळते.

विवेचन :
रेषाखंड क्ष-अक्षाला समांतर असल्यास लंबदुभाजकाचा, तर य-अक्षाला समांतर असल्यास रेषाखंडाचाच चढ अस्तित्वात नसतो. पहिल्या रीतीत हे प्रकार स्वतंत्रपणे हाताळावे लागतात. दुसऱ्या रीतीत अपवाद उद्भवत नाही. तसेच तिची प्रत्येक पायरी उलट दिशेनेही सत्य असल्याने बिंदुपथाची सिद्धता पूर्ण होते.

समीकरणाच्या डाव्या बाजूचे चिन्हही अर्थपूर्ण आहे. आरंभबिंदूसाठी ती धन आहे. म्हणून धन किंमत देणारे बिंदू नागपूरला अधिक जवळ होत. वर्धा (−५१, −४४) येथे किंमत ४७३, तर आर्वी (−८९, −१८) येथे −७०१ येते. दोन्ही गावे नागपूर महसूल विभागातील वर्धा जिल्ह्यात असली, तरी सरळ अंतराने आर्वी अमरावतीला जवळ आहे. प्रशासकीय सीमा व समदूर रेषा यांतील हा भेद चर्चेस उपयुक्त ठरतो.

समारोप :
थीसन यांनी १९११ मध्ये मांडलेली, पर्जन्यमापक केंद्रांभोवती बहुभुज आखण्याची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. त्रिकोणाचे परिकेंद्रही लंबदुभाजकांच्या छेदनातूनच मिळते. म्हणून अध्यापनाचा आरंभ समदूरतेपासून करून चढाची रीत पडताळ्यासाठी योजणे अधिक श्रेयस्कर ठरेल.